चिरल्यावर धुवायची नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

सर्जनची तारीख मिळाली. १० डिसेंबर. "सध्या पेन्सिलनं लिहून ठेवा," डॉक्टर घारपुरे म्हणाले. मी पेननं लिहिली. पेन्सिल नव्हती, हे एक कारण.

परिस्थिती अशी आहे. बाबांना सहा वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या अस्तराला आतून जखमा, रक्त, आणि वाईट दिवसांत सकाळपासून संडासाकडे धावपळ. गोळ्या झाल्या. स्टिरॉइड झाले, चेहरा सुजला, साखर वाढली, बंद केले. आता सलाइनमधून द्यायचं इंजेक्शन चालू आहे. त्याच्यापुढे डॉक्टरांकडे औषध नाही. पुढच्या मंगळवारी दुर्बिणीनं पाहायचं. अस्तर भरून आलेलं असेल तर इंजेक्शन चालू ठेवायचं. नसेल तर मोठं आतडं काढायचं आणि पोटावर पिशवी लावायची.

रिक्षात बाबा रिक्षावाल्याचे गिअर बघत होते. येरवड्याच्या सिग्नलला म्हणाले, "पुन्नी, पिशवी कंडक्टरच्या अंगावर असते. डायवरच्या नाई."

जन्मभर यवतमाळ डेपोची एसटी चालवलेल्या माणसाचं हे उत्तर.

पिशवी लावून लोक नोकऱ्या करतात, पोहतात, डोंगर चढतात — मी सगळं सांगितलं. माहिती बिनचूक होती. त्यांनी मान हलवली. चुकीच्या गाडीत चढलेल्या प्रवाशाकडे पाहून हलवत असतील, तशी.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज पहिल्यांदा विचारलं, "तू त्या लॅबमंदी दिवसभर करतं तरी काय?"

पीएचडीचं तिसरं वर्ष आहे. हा प्रश्न आज आला! खरं तर मीच कधी सांगितलं नाही. आई गेल्यापासून घरात बोलणं म्हणजे गॅस बंद केला का आणि गोळी घेतली का.

ते भेंडी चिरत होते. स्वयंपाक त्यांच्याकडे आहे. मी केला तर जेवत नाहीत असं नाही, पण पाणी फार पितात.

मी सांगितलं. आतड्याच्या अस्तरात एका खास जातीच्या पेशी असतात. आकार पेल्यासारखा, म्हणून नाव गॉब्लेट पेशी. त्या सारखा बुळबुळीत स्राव गाळत असतात. त्याचा थर अस्तरावर पसरतो. थराच्या एका बाजूला अब्जावधी जिवाणू, दुसऱ्या बाजूला आपण. मधे बाकी काही नाही. तुमच्या आजारात या पेशी रिकाम्या होतात, थर विरतो, जिवाणू थेट अस्तराला भिडतात. मग सूज, जखमा, रक्त. आता आधी पेशी बिघडतात आणि मग सूज येते, की सुजेनं पेशी बिघडतात — हे अजून कुणाला नीट माहीत नाही. तेवढंच मी बघते.

"अन् थो थर दिसते?"

"निळा रंग दिला की दिसतो. पण पाणी लागलं की जातो. नेहमी तुकडे ज्या औषधात ठेवतात त्यात पाणी असतं, म्हणून कित्येक वर्षं तो कुणाला धड दिसलाच नव्हता. आम्ही अल्कोहोलचं मिश्रण वापरतो. पाण्याचा थेंबही नको."

सुरी थांबली. ताटातल्या भेंडीकडे पाहिलं. "म्हणजे इच्यावानीच. आधी धुवाची, पुसाची, मंग चिराची. चिरल्यावर धुवाची नाई."

उपमा शास्त्रीय नाही. पण खोडूनही काढता येईना.

६ नोव्हेंबर, गुरुवार

भेंडी चांगली झाली होती. सांगितलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुर्बीण झाली.

फक्त खालचा भाग बघायचा होता, त्यामुळे गुंगीचं इंजेक्शन ऐच्छिक. बाबांनी नाकारलं. "गाडी चालू असताना डायवर झोपत नसते."

मी बाहेर बाकावर. एंडोस्कोपीच्या खोलीचं दार पूर्ण लागत नाही. आतून त्यांचा आवाज येत होता, बराच वेळ. शब्द कळले नाहीत. मग सिस्टर हसल्याचा आवाज आला. अशा वेळी हा माणूस गप्पा कसा मारू शकतो!

डॉक्टर घारपुरे बाहेर येऊन म्हणाले, "डोळ्यांना अजून लालसर दिसतंय. रंगावरून मी काही बोलणार नाही. सगळ्यात खराब जागेवरचे दोन तुकडे घेतलेत. सूक्ष्मदर्शकाखाली काय ते कळेल." त्यांचे पॅथॉलॉजिस्ट सुट्टीवर आहेत. रिपोर्ट २८ तारखेला.

दोन तुकडे एकमेकांच्या शेजारचे. एक हॉस्पिटलच्या तपासणीला, दुसरा आमच्या अभ्यासाला. बाबांनी संमतीच्या कागदावर सही केली तेव्हा मी तिथं मुद्दाम नव्हते. आमच्याकडे नाव येत नाही. क्रमांक येतो, तोही उलटसुलट केलेला. कुठला कुणाचा हे फक्त हॉस्पिटलला ठाऊक. माझे वडील यात आहेत हे मी माझ्या गाइड उल्का मॅडमना आधीच सांगून ठेवलंय. त्यांनी एवढंच विचारलं, "क्रमांक बघून ओळखू येतील का?" नाही म्हटलं. "मग काम करा."

मॅडमची ही गोष्ट मला आवडते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काही नाही. १० डिसेंबर अजून पेननंच आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

चोवीस तुकड्यांची तुकडी पूर्ण झाली. क्रमांक अकरा ते चौतीस. सहा निरोगी, अठरा आजारी. निरोगी म्हणजे मूळव्याध किंवा तशाच कशासाठी आलेले, ज्यांचं आतडं उत्तम निघालं असे. दिवसभर मेणाचे ठोकळे कापले. काप हवेत उडतो इतका पातळ असतो. त्यामुळे पंखा बंद, बोलणं बंद.

बोलणं बंद हे यज्ञेश्वरला लागू नाही. तो शेजारच्या टेबलावर उंदरांच्या आतड्यांवर काम करतो आणि माणसांवर टिप्पणी करतो. "पूर्णिमा, तुझ्या चेहऱ्यावरही काच चिकटवून ठेवलीये का गं? जरा हललीस तर बुडबुडा येईल म्हणून?"

हलले नाही. तेरावा काप खराब झाला असता.

१९ नोव्हेंबर, बुधवार

निळा रंग दिला. चोवीस स्लाइड पाहिल्या.

तेविसांवर थर नाही. अजिबात नाही. अस्तराची कड कोरडी, खरवडल्यासारखी.

एकावर आहे. एकतीस.

हे नीट लिहून ठेवते, कारण असं मी आजवर फक्त छापील चित्रांत पाहिलं होतं. अस्तरात क्रिप्ट असतात — खोल अरुंद नळ्या, स्टँडमध्ये परीक्षानळ्या उभ्या कराव्यात तशा. एकतीसच्या प्रत्येक नळीत गॉब्लेट पेशी, एकीला खेटून एक, काठोकाठ भरलेल्या, निळ्या. आणि वर पट्टी. सलग! टीपकागदाच्या कडेशी शाई येऊन थांबावी तशी. पट्टीच्या अलीकडे एकही जिवाणू नाही.

दोन क्रिप्ट तळाशी दुभंगलेल्या दिसल्या, इंग्रजी वाय उलटा केल्यासारख्या. एरवी सरळ असतात. बाकी सगळं इतकं व्यवस्थित आहे की ते माझंच असणार — पातं वाकडं गेलं. "काप तिरका" अशी नोंद केली.

निरोगी माणूस. शंकाच नाही. मूळव्याधीसाठी आलेला कुणी शिक्षक नाहीतर दुकानदार. आपल्या पोटात काय आहे याची त्याला कल्पनाही नसेल.

फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावला. यज्ञेश्वर म्हणाला, "लोक दगडूशेठ लावतात. तू आतडं लाव."

मॅडमनी भिंगातून पाहिलं आणि "सुंदर" म्हणाल्या. दोन वर्षांतलं हे दुसरं "सुंदर". मग लगेच, "पण निरोगी सहा आहेत ना यात? उरलेल्या पाच जणांचा थर कुणी पळवला?"

बरोबर प्रश्न. वहीत लिहून ठेवला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बाबा हरवले. म्हणजे, मला तसं वाटलं.

दुपारी घरी आले तर कुलूप. फोन घरातच वाजत होता. गेल्या दोन वर्षांत हा माणूस दवाखाना सोडला तर घराजवळच्या चौकापलीकडे गेला नाही. विश्रांतवाडीच्या चौकातल्या मेडिकलमध्ये जायचं तरी आधी विचारतात, तिथं सोय आहे का. आमच्या घरात "सोय" या शब्दाला एकच अर्थ आहे. मी चौक पाहिला, बाग पाहिली, मेडिकलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "काका? ते तर मनपाच्या बसमध्ये चढले."

संध्याकाळी आले. हातात कागदाची पुडी. बुधवार पेठेत जाऊन जुन्या रेडिओचं बटण आणलं होतं! मनपाला उतरले, तिथून चालत. दुकानदारानं "हे मॉडेल आता फक्त तुमच्याकडे आणि संग्रहालयात" असं सुनावलं, तरी चार दुकानं फिरले. मग दगडूशेठचं रस्त्यावरूनच दर्शन, आणि परत बस.

"बसमध्ये काही झालं असतं तर?"

"नाई झालं ना पण."

"फोन तरी न्यायचा."

"एसटीत होतो तवा कोठी होता फोन?"

मी बोलले. जितकं बोलायला हवं होतं त्यापेक्षा जास्त. शेवटी ते म्हणाले, "डायवर चांगला होता बरं का. पण बिरेक लय उशिरा मारे," आणि बटण बसवायला निघून गेले.

एका दिवसावरून निष्कर्ष काढता येत नाही. या आजारात बरे दिवस येतात आणि जातात. हे मला माहीत आहे, म्हणून मी आनंद मानला नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मोजणी चालू. थर नसला तरी गॉब्लेट पेशी मोजता येतात, त्या अस्तराच्या आत सुरक्षित असतात. सहा स्लाइडवर थर नाही, पण पेशी भरलेल्या — पाच उरलेले निरोगी, सहावा औषधानं भरून आलेला कुणी आजारी असणार. मग यांचा थर कुठं गेला? पेशी भरलेली आणि बाहेर थेंब नाही, हे जमत नाही. टाकी भरलेली आणि नळ कोरडा, तसं.

आणि सत्तावीस.

सत्तावीसमध्ये पेशी रिकाम्या. अस्तराला खड्डे, सुजेच्या पेशींची गर्दी. सबंध तुकडीत सगळ्यात वाईट.

मी एक नियम पाळत आले होते: अंदाज करायचा नाही. आज मोडला. सगळ्यात खराब जागेचा तुकडा. "अजून लालसर." औषध पुरं पडलेलं नाही. सत्तावीस बाबांचा आहे, असं वाटतं. वाटतं हा शब्द मी कामात वापरत नाही.

स्लाइड जागेवर ठेवली. हात धुतले. घरी आले तर रेडिओ चालू होता, नव्या बटणासकट, आणि ते कणीक मळत गात होते. बेसूर.

१० डिसेंबरचं त्यांच्याशी नीट बोलायला हवं. रिपोर्टच्या आधी.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सापडलं.

सकाळी थेट एंडोस्कोपीत जाऊन उभी राहिले. तुकडा घेतल्यापासून बाटलीत पडेपर्यंत काय होतं ते फक्त पाहायचं, बोलायचं नाही, असं ठरवून. भाग्यश्री सिस्टर तिथल्या जुन्या. हात इतके स्थिर की हेवा वाटावा. डॉक्टरांनी चिमटा बाहेर काढला. सिस्टरनी त्यातून तुकडा सुईच्या टोकावर अलगद घेतला. शेजारी वाटीत सलाइन. त्यात बुडवला. हळूच हलवला. पुन्हा एकदा. मग माझ्या बाटलीत.

सलाइन म्हणजे मिठाचं पाणी!

"सिस्टर, हे… धुता तुम्ही?"

"मग? रक्त-घाण लागलेला तसाच पाठवू तुमच्याकडे? एवढं मोठं इन्स्टिट्यूट तुमचं."

"पण मी सूचनेत लिहिलं होतं — ताबडतोब बाटलीत टाकावा."

"ताबडतोबच टाकते. धुतला की ताबडतोब."

सूचना मी लिहिली. बाटलीत पाण्याचा थेंब नको, झाकण घट्ट हवं, तापमान किती — सगळं लिहिलं. धुऊ नका, एवढं लिहिलं नाही. ते कुणी करेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्याकडे पाठवायचा म्हणून त्या खास जास्त जपून धुवत होत्या.

"एखादा चुकून न धुता गेला असेल का?" एकतीस डोक्यात होता.

त्या जरा थांबल्या. मग ताठ झाल्या. "मॅडम, माझ्या हातून अस्वच्छ काही बाहेर जात नाही."

म्हणजे त्या दिवशी दुसरं कुणी असणार. मी आभार मानले. खरंच मानले. त्या वाटीतून मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर बाहेर आलं — त्या पाच जणांचा थर कुणी पळवला, ते.

२६ नोव्हेंबर, बुधवार

मॅडमना सगळं सांगितलं. माझ्या सूचनेतली चूक, असंच सांगितलं.

त्या छताकडे पाहत राहिल्या. "म्हणजे मागच्या महिन्यात मी परिषदेत 'या आजारात थर पूर्ण नाहीसा होतो' असं जे ठणकावून सांगितलं, तो थर तुमच्या सिस्टरच्या वाटीत होता."

"हो."

"नशीब, छापायला पाठवलं नव्हतं." मग चक्क हसल्या. "पेशींची मोजणी शाबूत आहे. थराची नव्यानं करा. आणि सूचनेच्या पहिल्या ओळीत लिहा — धुऊ नये. मोठ्या अक्षरात. मराठीत."

लिहिलं. यज्ञेश्वरनं खाली जोडलं, "आम्ही घाणेरडेच बरे." ते काढून टाकलं. (थोडं हसून.)

कामाच्या दृष्टीनं आजचा दिवस वर्षातला सगळ्यात चांगला. पहिल्यांदाच असं वाटतंय की विचारतेय तो प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर दिसू शकतं. एकतीसनं ते दाखवलं. न धुता आलेलं निरोगी अस्तर असं दिसतं. आता प्रत्येक आजारी तुकड्याला तिथपर्यंत यायचं आहे.

सत्तावीसलाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

बोलले शेवटी. जेवणं झाल्यावर. पिशवी कशी लावतात, कशी बदलतात, चित्रं दाखवली. आवाज सरळ ठेवला.

बाबांनी सगळं ऐकलं. चित्र हातात घेऊन लांब धरून पाहिलं. मग म्हणाले, "पुन्नी, तुले भेव वाटते का?"

"भीतीचा प्रश्न नाही. तयारी हवी."

"मले त वाटते," ते म्हणाले, "अन् तयारीबी हाय. दोनी संगं राहू शकते."

मी चित्रं गोळा केली. थोड्या वेळानं म्हटलं, "मलाही वाटते."

त्यांनी रेडिओचा आवाज बारीक केला. बस, एवढंच.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

निघायला थोडा वेळ आहे. आज रिपोर्ट.

चहा पिताना बाबांना सलाइनच्या वाटीचा घोटाळा सांगितला. नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून. सगळे तुकडे धुऊनच आले, म्हटलं.

कप खाली ठेवला. "माया त नाई धुतला! म्या त्या बाईले हात जोडले. म्हटलं, बाई, मायी पोरगी सांगते, चिरल्यावर धुवाची नसते. हासली अन् टाकला तसाच डबीत. म्हणे, काका, कोनाले सांगू नका."

चोविसांत न धुतलेला एकच आहे. एकतीस.

तो काप तिरका नव्हता. दुभंगलेल्या क्रिप्ट म्हणजे एकदा उद्ध्वस्त होऊन पुन्हा भरून आलेलं अस्तर — हे मी परीक्षेत लिहिलंय, त्याला गुण मिळवलेत! आणि हॉस्पिटलकडे गेलेला तुकडा त्याच्याच शेजारचा आहे.

बाबा बाहेरून विचारतायत, रिक्षा बोलावू का.

बसनं जाऊ म्हटलं.